दीडशेच्या अलीकडं, दीडशेच्या पलीकडं

बायको जाऊन चार महिने झाले होते. दुपारची वेळ होती. नात ओसरीत बसून अकरावीचं गणित करून राह्यली होती आणि मी तिच्यासमोर बाजेच्या पायाला रंधा मारत बसलो होतो. नात मोठ्यानं बोलत गणित करते, तिची सवयच तशी आहे. "पाच मोठे तीनपेक्षा," असं म्हणत तिनं वहीत पाच लिहिलं, मधी खूण काढली आणि पुढं तीन लिहिलं. मी वाकून बघितलं.

"उलटं काढलंस," मी म्हणालो.

"काय उलटं, आबा?"

"खूण. टोक पाचाकडं पाहिजे. मोठा कोण आहे, पाच का तीन?"

ती हसली. "टोक न्हाई आबा, तोंड मोठ्याकडं असतं. पहिलीतल्या पोरांना शिकवतात. चिमणी आहे, जिकडं दाणे जास्त तिकडं ती चोच उघडते."

"कोणी शिकवलं हे?"

"सगळेच शिकवतात."

"मंग सगळ्यांचं चुकलंय."

तिनं पुस्तक उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. छापील पुस्तक. एका ओळीत नव्हे, अख्ख्या पानभर त्या खुणा होत्या आणि प्रत्येक खुणेचं तोंड मोठ्या आकड्याकडं होतं. मी एकेक ओळ बोट ठेवून बघितली. बारा आणि सात. वीस आणि अठरा. पानाच्या शेवटपर्यंत गेलो. एकही ओळ माझ्या बाजूनं बोलली न्हाई.

रंधा हातात होता, तो मी खाली ठेवला. नात म्हणाली, "काय झालं आबा?" मी म्हणालो, "काही न्हाई, उन्हानं." ओसरीत ऊन नव्हतं.

हे का झालं ते आधी सांगतो, न्हाईतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारा येडा झाला.

मी चौथीत असताना बापानं शाळेतून काढून करवतीच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. तेव्हापासून सुतारकी केली. तिफणी, वखरं, दारं, चौकटी, बाजा, पाळणे. लाकूड कापायच्या आधी पेन्सिलीनं खूण करावी लागते. आमच्या घरची खूण पुस्तकातल्या खुणेच्याच आकाराची, पण अशी की टोक बरोबर मापाच्या रेघेवर टेकवायचं आणि तोंड उघडं ठेवायचं ते फेकायच्या तुकड्याकडं. टोकाच्या बाजूचं लाकूड कामाचं, तोंडाच्या बाजूचं चुलीत. साठ वर्षं मी ती खूण करत आलो. टोकाकडं ते मोठं, तोंडाकडं ते कमी. ह्यात विचार करायचं काही नव्हतंच. हात आपोआप जायचा.

आता बायकोचं. जायच्या आधी सात महिने तिला साखरेचा आजार निघाला. तालुक्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं साखर तपासायचं छोटं यंत्र दिलं, पेनासारखं इंजेक्शन दिलं आणि एक कागद दिला. छापील कागद होता, त्यावर दोन ओळी मोठ्या अक्षरात होत्या.

साखर > १५० – इंजेक्शन द्यावे, १० युनिट.

साखर < १५० – इंजेक्शन देऊ नये.

डॉक्टर म्हणाला, "आजोबा, कागदावर सगळं आहे. वाचता येतं ना?" बाहेर पन्नास माणसं उभी होती, त्यालाही घाई. मी म्हणालो, "न यायला काय झालं." बायको शेजारच्या स्टुलावर बसली होती. तिचं माहेर धावडा गावचं, ती सातवी पास. लग्न झालं तेव्हापासून माझ्यापेक्षा तीन यत्ता पुढं, पण हे घरात कधी बोलायचं न्हाई असं आमचं ठरल्यासारखं होतं. तिनं कागदाकडं हात केला तर मी तो घडी घालून खिशात ठेवला.

घरी येऊन मी तो कपाटाच्या दाराला डिंकानं चिकटवला. आणि माझ्या खुणेप्रमाणं वाचला. पहिल्या ओळीत टोक दीडशेकडं, म्हणजे दीडशे मोठे, साखर कमी. साखर कमी असली की इंजेक्शन द्यावे. दुसऱ्या ओळीत टोक साखरेकडं, म्हणजे साखर जास्त. जास्त असली की देऊ नये. मला तर ते बिलकुल बराबर वाटलं. सुई म्हटलं की अंगात ताकद भरणं, हेच आम्ही जन्मभर बघितलेलं. अशक्तपणा आला की सलाईन लावतात. साखर कमी पडली की सुईनं भरायची, जास्त असली की कशाला भरायची. असा माझा हिशोब.

रोज सकाळी चहाच्या आधी मी तिचं बोट टोचायचो, यंत्रावरचा आकडा वाचायचो, दीडशेच्या अलीकडं असला की पेनाचं चाक फिरवून दहावर आणायचो आणि तिच्या हातात द्यायचो. टोचून ती स्वतः घ्यायची. "तुमचा हात जड आहे, हातोड्याचा हात," असं म्हणून भिंतीकडं तोंड करून बसायची. दीडशेच्या पलीकडं आकडा असला की मी म्हणायचो, "आज सुट्टी." ती म्हणायची, "बरं."

शेवटच्या दिवशी सकाळी आकडा आला होता एकशे बारा. मी चाक दहावर आणलं आणि पेन तिला दिलं. दुपारी तिला दम लागला. जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं, संध्याकाळी संपली. छातीत पाणी झालं होतं, हृदय थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी ते ऐकलं आणि मान हलवली. चार महिने तेच धरून बसलो होतो.

आणि आता त्या दुपारी पुस्तक मांडीवर होतं आणि पानभर खुणा माझ्याकडं तोंड वासून बघत होत्या. म्हणजे जेव्हा द्यायचं न्हाई तेव्हा मी दिलं. द्यायचं तेव्हा दिलं न्हाई. सात महिने, रोज सकाळी. शेवटच्या सकाळीसुद्धा.

मी मारलं का तिला?

हे वाक्य डोक्यात आलं आणि तिथंच बसलं. जेवताना, अंघोळ करताना, कोणी रामराम घातला तरी. आपलं माणूस गेल्याचं दुःख मला ठाऊक झालं होतं. हे त्यातलं नव्हतं. कोणी मागून येऊन डोक्यात फळी घालावी, तसं होतं. दोन दिवस मला शब्द ऐकू यायचे, त्यांचा अर्थ लागायचा न्हाई.

नातीला मी काही बोललो न्हाई. तिचे आईबाप अंकुशनगरला असतात, मुलगा तिथं कारखान्यात आहे. आई गेल्यावर त्यानं पोरीला माझ्याकडं ठेवलं. घनसावंगीचं कॉलेज इथून जवळ पडतं, आणि म्हाताऱ्यालाही कोणी पाहिजे. सतरा वर्षांच्या पोरीला काय सांगायचं, की तुझ्या आजीला मी रोज उलटं औषध देत होतो?

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा तेच प्रकरण काढून बसली. असमानता असं त्याचं नाव. ती बोलत होती, "उणे तीन एक्स अधिक पाच, मोठे चौदापेक्षा. पाच तिकडं नेले. उणे तीन एक्स, मोठे नऊपेक्षा. आता उणे तीननं भागायचं, खूण फिरवायची. एक्स लहान उणे तीनपेक्षा."

मी हातातलं काम सोडलं. "काय म्हणालीस? खूण फिरवायची?"

"हो. उणे आकड्यानं गुणलं का भागलं की खूण उलटी होते."

"उलटी म्हणजे टोक तिकडचं इकडं?"

"हो आबा. मोठ्याचं लहान होतं."

बुडत्याला काडी दिसली की ती जाड का बारीक, हे तो बघत बसत न्हाई. मला वाटलं, म्हणजे खूण उलटी होण्याचा रस्ता आहे. पुस्तकातच आहे. कधी कधी खूण फिरते. मंग त्या कागदावरही ती कुठून तरी फिरलेली असेल, आणि मी वाचलं तेच खरं असेल.

"मला शिकव," मी म्हणालो.

"काय?"

"हे सगळं. पहिल्यापासून."

ती माझ्याकडं बघत राह्यली. "आबा, तुम्ही अकरावीला बसणार का?"

"बसलो तर तुझ्या पुढच्या बाकावर बसतो, माझं बघून लिही. शिकव जल्दी."

रोज कॉलेजवरून आली की ती मला शिकवायची. वही तिची, पेन्सिल माझी, सुतारी, चपटी. एक्स म्हणजे कोणता आकडा, असं मी पहिल्या दिवशी विचारलं. ती म्हणाली, "माहीत न्हाई, तेच शोधायचं." मी म्हणालो, "मंग शोधून एकच सापडला पाहिजे." ती म्हणाली, "समीकरणात एक सापडतो. ह्याच्यात एक न्हाई सापडत, एका बाजूचे सगळेच सापडतात." हे मला अवघड गेलं. दाराला माप एकच असतं. पण मंग माझ्या ध्यानात आलं की खोबणीत पाचर मारताना एकच माप नसतं, अमक्यापेक्षा बारीक असली की कुठलीही चालते. मी तसं म्हणालो तर तिनं वहीच्या कडेला ते लिहून घेतलं.

उत्तर बरोबर आहे का, हे मी माझ्या पद्धतीनं बघायचो. बसवून बघायचं. एक्सच्या जागी उणे चार घाला. उणे तीन आणि उणे चार, गुणले तर बारा, त्यात पाच, सतरा. चौदापेक्षा मोठे, बसलं. उणे दोन घाला. सहा आणि पाच अकरा. न्हाई बसलं. म्हणजे खरोखर उणे तीनच्या खालचेच आकडे चालतात. खूण फिरते हे खरं होतं.

"पण का फिरते?" मी विचारलं.

"नियम आहे."

"नियम कोणी केला? काही कारण असेल."

तिला सांगता येईना. मंग मीच दोन दिवस विचार केला आणि तिला आमच्या विहिरीवर नेलं. म्हणालो, "हा काठ म्हणजे शून्य. काठाच्या वर पाच फूट बांधलं आणि तीन फूट बांधलं, तर उंच कोण? पाच. आता तेच खाली खोदलं. पाच फूट खाली आणि तीन फूट खाली. वर कोण राह्यलं? तीन. माप तेच, फक्त खाली गेलं, तर पाचवाला खालचा झाला. म्हणून फिरते."

ती काठावर वाकून बराच वेळ आत बघत होती. "आबा, हे सरांना सांगू का?"

"सांग. माझं नाव नको सांगू."

गणित समजल्याचा आनंद मला झाला न्हाई असं न्हाई. थोडा झाला. आणि तो झाला म्हणून लगेच लाज वाटली. कारण मी शिकत होतो ते एकाच कामासाठी. मला उणे पाहिजे होतं. त्या कागदात कुठं तरी उणे सापडलं की मी सुटलो.

आणि ते सापडलं. नात कॉलेजला गेलेली असताना मी कपाटापुढं उभा राह्यलो. कागद अकरा महिन्यांत पिवळा पडला होता. साखर, मंग खूण, मंग दीडशे, आणि दीडशेच्या पुढं आडवी रेघ. उणे. दोन्ही ओळींत. मी त्या रेघेवर बोट ठेवून पुन्हा पुन्हा बघितलं.

ती आल्यावर मी ओळ फळीवर उतरवून दाखवली. कागद दाखवायची हिंमत न्हाई झाली. "ह्याच्यात हे उणे आहे ना? मंग खूण फिरणार?"

तिनं फळी बघितली. "साखर? हे कुठलं गणित?"

"असंच. तू सांग, फिरणार का?"

"आबा, हे उणे न्हाई. ही नुसती रेघ आहे. पुढचं वाक्य सुरू होतं म्हणून मारलेली." मंग तिनं फळी खाली ठेवली आणि कपाटाकडं बघितलं. तो कागद तिनं रोजच बघितलेला. पोरगी हुशार आहे. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि तो बदलताना बघणं मला सहन झालं न्हाई.

"आबा, तुम्ही आज्जीला कसं देत होता?"

मी सांगितलं. अलीकडं असली की दहा, पलीकडं असली की सुट्टी. तिनं हात तोंडावर ठेवला.

"शेवटच्या दिवशी?"

"एकशे बारा होती. दिलं."

मी म्हणालो, "तुझ्या बापाला मी सांगीन. तू नको सांगू." मला वाटलं आता ही उठून पिशवी भरेल आणि अंकुशनगरला जाईल. जायला पाहिजे होतं. पण ती कपाट उघडून यंत्र घेऊन आली. म्हणाली, "ह्यात मागचे आकडे राहतात. बटन दाबून बघता येतात." मला हे माहीत नव्हतं. मी सात महिने ते वापरलं.

ती आकडे वाचत गेली आणि मी फळीवर लिहीत गेलो. शेवटून मागं. एकशे बारा. एकशे एकोणतीस. एकशे अठरा. एकशे चौसष्ट. एकशे छत्तीस. एकशे एक्केचाळीस. एकशे बावन्न. फळी भरली तेव्हा दुसरी घेतली. दीडशेच्या पलीकडं आकडा जायचा आणि दुसऱ्या दिवशी अलीकडं यायचा.

नात म्हणाली, "आबा, हे असं कसं? एकशे चौसष्टच्या दिवशी तुम्ही दिलं न्हाई, तर दुसऱ्या दिवशी साखर वाढायला पाहिजे. आणि एकशे अठराच्या दिवशी दहा दिले असते तर आज्जीला घाम फुटला असता, चक्कर आली असती. आमच्या वर्गातल्या एका पोरीला होतं तसं."

"एकदाही न्हाई आली."

"मंग उलटं दिलेलं दिसत न्हाई. बरोबर दिलेलं दिसतं."

"मीच चाक फिरवत होतो की."

"टोचत कोण होतं?"

मी चप्पल घातली.

गावात आशा कार्यकर्ती आहे, दवाखान्याच्या वतीनं घरोघरी फिरते, सगळे तिला ताई म्हणतात. शेवटच्या काही दिवसांत ती रोज सकाळी आमच्याकडं येऊन बसायची. मला वाटायचं गप्पांना येते. मी गेलो तेव्हा ती अंगणात ज्वारी पाखडत होती. मी उभ्याउभ्याच विचारलं, "माझी बायको ते पेन कसं घेत होती? खरं सांग."

तिनं सूप खाली ठेवलं. "बसा काका."

"बसायला न्हाई आलो."

"बसा तरी. तुम्हाला कळलंय तर."

मी बसलो. तिनं पाणी दिलं आणि सांगायला लागली. "मावशी पहिल्याच आठवड्यात माझ्याकडं आल्ती. कागदावरचं सगळं चिठ्ठीवर उतरवून आणलं होतं. म्हणाली, हे नीट वाच, मी बरोबर वाचते का तेवढं सांग. मी वाचलं. ती म्हणाली, तेच म्हणते मी, पण आमच्या घरात उलटं चाललंय. मी म्हणाले, मी येते, काकांना सांगते. तर माझा हात धरला. नको म्हणाली."

"मंग?"

"मंग काय. तुम्ही दहावर आणलेलं चाक ती मागं फिरवून शून्यावर आणायची. भिंतीकडं तोंड करून. आणि तुम्ही सुट्टी म्हणाला की, तुम्ही अंघोळीला गेल्यावर स्वतः घ्यायची. पुढं हात कापायला लागले तेव्हा मला बोलावलं. शेवटच्या दिवशी मी समोर होते काका. तुम्हाला तिनं गवती चहा आणायला मागं पाठवलं होतं, आठवतं का? पेन मीच मागं फिरवलं. एक थेंब न्हाई गेला. ती सुईनं न्हाई गेली. तिचं हृदय थकलं होतं, ते डॉक्टरांनी सांगितलं तेच खरं."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की माझी छाती मोकळी होईल. पाच-सहा श्वास तशी झालीही. मी मारलं नव्हतं. हे मी मनात दोनदा म्हणालो. मंग डोकं पुढं गेलं आणि तिथं अडकलं.

"मला का न्हाई सांगितलं?"

ती सुपातले खडे वेचायला लागली.

"हसत असेल माझ्यावर," मी म्हणालो. "सात महिने. माझ्यासमोर बरं बरं म्हणायची आणि पाठ फिरवून हसायची."

"हसत नव्हती काका."

"मंग?"

"भेत होती."

"सुईला?"

"तुम्हाला."

ती बोलत राह्यली, आता सुरू झालीच होती म्हणून. "मी म्हणायचे, मावशी, जिवाचा प्रश्न आहे, सांगून टाका एकदा. ती म्हणायची, तुला दाराची गोष्ट माहीत न्हाई. मी म्हणाले, कुठली? तर म्हणाली, ह्यांनी एकदा नवं दार केलं होतं, मी म्हणाले बिजागऱ्या चुकीच्या बाजूला लागल्या वाटतं. तर दार उतरवलं, अंगणात नेलं आणि कुऱ्हाडीनं फोडलं. चार दिवस घरात कोणाशी बोलले न्हाईत. म्हणाली, यंत्र तेवढं फोडलं तर मी काय करू. त्यापेक्षा चाक फिरवणं सोपं आहे."

ती दाराची गोष्ट मी स्वतः गावभर सांगत आलोय. तीस वर्षं. लग्नात, पंगतीत, पारावर. माझ्या कामात मला चूक खपत न्हाई, स्वतःचं दार स्वतः फोडलं, असं सांगायचो. लोक वाहवा करायचे. ती चहा घेऊन यायची, ऐकायची आणि हसायची. मला वाटायचं तिला अभिमान आहे.

घरी कसा आलो ते आठवत न्हाई. रस्त्यात कोणी तरी विचारलं, तब्येत बरी का, मी म्हणालो बरी. माझ्या डोक्यात मी गणित मांडत होतो. एका बाजूला तिचा जीव, एका बाजूला माझा राग, आणि मधी खूण. मोठं कोण, हे तिनं रोज सकाळी ठरवलेलं होतं, आणि तोंड माझ्या रागाकडं होतं. जीव जाईल ह्याची भीती लहान, आणि नवऱ्याला चुकलं म्हणायची भीती मोठी. अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार. मी तिच्यावर कधी हात टाकला न्हाई, आणि तेवढ्यावर मी स्वतःला चांगला नवरा समजत आलो.

आणि दुसरंही आहे. हे एक मला कळलं. आणखी किती गोष्टी तिनं माझ्या हातून घेऊन, भिंतीकडं तोंड करून, बराबर केल्या असतील? पोरांची शाळा, भावकीतलं बोलणं, पाहुण्यांपुढं मी टाकलेले शब्द. मी म्हणायचो, माझं कधी काही चुकत न्हाई. खरंच चुकलेलं दिसायचं न्हाई. कोण दिसू देत नव्हतं, हे आता कळलं, आणि विचारायला ती न्हाई.

नातीला मी सगळं सांगितलं. दाराचंही. मधे ती रडली, मी न्हाई रडलो, मला रडू येत नव्हतं, नुसतं गार वाटत होतं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही न्हाई मारलं आबा." मी म्हणालो, "न्हाई मारलं." ती म्हणाली, "मंग झालं की." मी म्हणालो, "झालं न्हाई."

मुलाला फोन केला आणि त्यालाही सांगितलं. ऐकून तो म्हणाला, "दादा, मला माहीत होतं आई तुम्हाला भेते." इतकंच बोलला. नेटवर्क गेलं का त्यानं ठेवला, कळलं न्हाई.

आठवड्यानं नात म्हणाली, गणित बंद का केलं. मी म्हणालो, काम झालं. ती म्हणाली, "प्रकरण अर्धंच झालंय." मंग बसलो. तिनं एक उदाहरण दिलं, सात वजा दोन एक्स, लहान किंवा समान पंधरा. मी सोडवलं. सात तिकडं नेले, आठ राह्यले, दोननं भाग दिला, उत्तर लिहिलं आणि वही तिच्याकडं सरकवली.

तिनं बघितलं. बरोबरची खूण केली न्हाई, चुकीची फुलीही मारली न्हाई. पेन बोटात फिरवत बसली. म्हणाली, "छान आहे आबा. पुढचं घ्यायचं का?"

तिच्या आवाजात काही तरी होतं. ते मी आधी कुठं ऐकलंय, हे कळायला मला वेळ लागला न्हाई.

"चुकलं का?" मी विचारलं.

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे? चुकलं का न्हाई?"

तिनं वही पोटाशी धरली. "उणे दोननं भागायचं ना. खूण फिरवायची राह्यली. आणि उत्तरात चारच्या आधी उणे पाहिजे."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, आला. कानापर्यंत आला. विहिरीच्या काठावर हिला मी शिकवलं ते हीच मला सांगते, असं तोंडापर्यंत आलं होतं. ती माझ्या हाताकडं बघत होती. तोंडाकडं न्हाई, हाताकडं. मी हात मांडीखाली घेतले आणि तसाच बसलो, राग उतरेपर्यंत. बराच वेळ लागला. ती थांबली.

मंग मी म्हणालो, "दे वही. कुठं फिरवायची ते दाखव."